कढई वेगळी आहे ना?

दहावीची परीक्षा आणि रमजान एकाच महिन्यात आले की घरात दोन वेळापत्रकं चालतात. एक बोर्डाचं, दुसरं सहरी-इफ्तारचं. आमच्या फ्रिजच्या दारावर दोन्ही शेजारी शेजारी चिकटवलेली होती. पेपर असला तरी रोजा सोडायचा नाही, हे मुलीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी कॉलेजात शिकवते, परीक्षेला रिकाम्या पोटी येऊ नका असं दरवर्षी मुलांना बजावते. घरात मात्र माझं काही चाललं नाही. भूमितीचा पेपर देऊन आली, चपला काढता काढताच म्हणाली, "अम्मी, शेवटच्या पेपरच्या दिवशी इफ्तारला मला फ्राइड राइस पाहिजे. घरी केलेला."

'घरी केलेला' या दोन शब्दांमागे बराच इतिहास आहे. दिंडोरीत बसस्टँडच्या बाजूनं संध्याकाळी येताना चायनीजच्या गाड्या लागतात. लाल रंग, त्यावर ड्रॅगन, झाऱ्याचा ठणठणाट आणि लसणाचा तो वास. मुलगी लहान असल्यापासून मी गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारत आले आहे, "भैया, व्हेजची कढई वेगळी आहे का?" कारण गाडीवरचं चिकन हलाल असतं की नाही, हे आम्हाला ठाऊक नसतं. मग व्हेज घ्यावं, तर तेही त्याच कढईत परतलेलं. गाडीवाला मान डोलावतो, समोरचीच कढई फडक्यानं पुसतो आणि व्हेज सुरू करतो. आम्ही शुक्रिया म्हणून पुढे निघतो. म्हणजे या पोरीनं फ्राइड राइस खाल्ला कमी आणि हुंगला जास्त.

वर तिनं एक अटही घातली. तिची बाकावरची मैत्रीण इफ्तारला येणार होती. "ती अंडंसुद्धा खात नाही, लक्षात ठेव."

सासूबाईंनी तस्बीह थांबवून विचारलं, "खजूर, फळं, भजी, शोरबा हे सगळं असताना चिन्यांचा भात? ते लोक काय काय खातात, माहीत आहे ना?" मी त्यांना सांगितलं की चीनमध्ये हुई नावाचा मोठा मुस्लिम समाज आहे. शियान शहरात त्यांचा जुना मोहल्ला आहे, मशीद आहे. चीनभर प्रसिद्ध असलेल्या लानझोऊच्या बीफ नूडल्स त्यांच्याच हातच्या. हलाल खाण्याच्या दुकानावर ते 'छिंगजन' अशी पाटी लावतात. पंधराव्या शतकात जहाजांचा काफिला घेऊन कालिकतला आलेला चेंग ह हा चिनी दर्यासारंगही मुस्लिम घराण्यातला होता. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल. पण तो भात घेऊन आला नव्हता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिला प्रयोग मी चार दिवस आधी केला आणि तो पार फसला. भात साडेपाचला कुकरमध्ये लावला, तोही इंद्रायणीचा. इगतपुरीकडचा इंद्रायणी आमच्याकडे वर्षभराचा भरलेला असतो. वरणावर, तुपावर त्याच्यासारखा भात नाही. पण तो आंबेमोहोराच्या वंशातला, शिजला की दाण्याला दाणा धरून बसणारा. वाफाळता भात कढईत पडला आणि त्याचा गोळा झाला. भाज्या एकदम टाकल्या, त्यांना पाणी सुटलं. रंग येईना म्हणून सोया सॉस ओतत गेले. पुलावाला घालते त्या हिशोबानं मीठ आधीच घातलं होतं. आणि चाखून बघायची सोय नव्हती, कारण रोजा.

रोजात स्वयंपाक करणाऱ्या बाईची ही अडचण बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. महिनाभर ती अंदाजानं मीठ घालते. फिकहच्या किताबांत याची दखल आहे. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकण्याची सवलत आहे आणि गरजेचं उदाहरण म्हणून चक्क तापट नवऱ्याचा उल्लेख येतो. माझा नवरा तापट नाही, त्यामुळे मला ती सवलत लागू होत नाही, असं मी त्याला दरवर्षी ऐकवते. रोजचे पदार्थ हाताच्या सवयीनं जमतात. तीस वर्षं केलेल्या खिचडीला जीभ लागत नाही. पण नव्या पदार्थाला हाताची सवय कुठून आणायची?

इफ्तारला पहिला घास घेतला आणि दस्तरखानावर कोणी काही बोललं नाही. सासऱ्यांनी शांतपणे भातावर दही ओढून घेतलं. मुलगी तीन ग्लास पाणी प्यायली. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मी नंतर सॉसची बाटली फिरवून बघितली. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. मी रंगासाठी पाच-सहा चमचे ओतले होते आणि वर मीठ वेगळं. दुसऱ्या दिवशी तेरा तास पाण्याशिवाय काढायचे असताना हे जेवण म्हणजे शिक्षाच.

त्या रात्री सासऱ्यांनी, बहुधा मला बरं वाटावं म्हणून, विषय बदलला. "पण हे चायनीज आपल्याकडे आलं कुठून?"

आलं ते कोलकात्याहून. अठराव्या शतकाच्या अखेरीला टाँग अछू नावाचा चिनी माणूस कोलकात्याजवळ हुगळीकाठी उतरला, त्यानं साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अछीपूर म्हणतात. पुढे हक्का चिनी कुटुंबं आली, टांग्रा भागात त्यांनी चामड्याचे कारखाने चालवले आणि नंतर खानावळी. सोया सॉस, मिरचीचा सॉस तिथेच तयार होऊ लागला. बंगाली जिभेला मानवेल असं तिखट, आलं-लसूण, हिरवी मिरची त्यात शिरली. याच कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत आले. १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून चिकनचा एक पदार्थ केला. तो मंचूरियन. मांचुरियाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मोठ्या हॉटेलातून हे सगळं रस्त्यावरच्या गाडीवर उतरलं आणि गाडीवरून गावोगाव. ट्रिपल शेजवान आणि चायनीज भेळ ही तर मुंबईचीच औलाद, कुठल्या चिन्याला दाखवली तर तो नाव विचारेल.

शेजवानची गंमत तर आणखी वेगळी. चीनच्या सिचुआन प्रांताचं ते नाव. तिथल्या जेवणाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी. आपल्या शेजवान सॉसमध्ये लाल मिरची आणि लसूण भरपूर, ती मिरी मात्र औषधालाही नसते. आणि तिची सख्खी बहीण आपल्या कोकणात झाडावर लागते. माशाच्या कालवणात घालतात ते तिरफळ. एकाच कुळातली दोन्ही. कोकणातल्या आजीनं तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीत जे असतं, ते शेजवान राइसच्या प्लेटमध्ये नसतं. हे मी मराठीच्या वर्गातही कधीतरी सांगते, अभ्यासक्रमात नसलं तरी.

भाताचं गणित मला गाडीवाल्यानंच सोडवून दिलं. संध्याकाळी गर्दी नव्हती, म्हणून थांबून विचारलं. तो मूळचा नेपाळकडचा, हिंदी छान बोलतो. म्हणाला, "मॅडम, चावल ताजा नहीं चलता. ठंडा चाहिए." बस्स, एवढंच. बाकीचं मी वाचून काढलं. भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, दाणा कडक होतो, वरचा ओलावा उडतो. अशा दाण्याला कढईत परतता येतं. गरम दाणा मऊ असतो, झाऱ्यानं मोडतो. लांब किंवा मध्यम दाण्याच्या, कमी चिकट तांदळात हे जमतं. कोलम चालतो, जुना बासमती चालतो. इंद्रायणीला त्याच्या तुपाजवळच राहू द्यावं.

म्हणजे फ्राइड राइस हा मुळात उरलेल्या भाताचा पदार्थ. चीनमध्ये तसाच, इंडोनेशियात सकाळी नासी गोरेंग करतात तेही तसंच आणि आपल्याकडचा फोडणीचा भात काय वेगळा आहे?

पण इथे एक धोका आहे आणि त्यावरून आमच्या घरात खरं भांडण झालं. एका रात्री पाहुणे होते, इफ्तारचा पातेलंभर भात ओट्यावर राहिला. तरावीह, आवराआवर, झोप. सहरीला उठले तेव्हा तो आठ तास उघड्यावर होता, मार्चच्या उकाड्यात. मुलगी म्हणाली, हाच वापर ना. सासूबाईही म्हणाल्या, अन्न टाकणं गुनाह आहे, आम्ही आयुष्यभर शिळा भात खाल्ला. त्यांचं दुःख मला कळत होतं, दुष्काळ पाहिलेली बाई आहे ती. तरी मी तो भात टाकला. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूची बीजं असतात, ती उकळूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती वाढतात आणि विष सोडतात. हे विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. उलट्या सुरू होतात. ज्या मुलीचा दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर आहे, तिच्यावर हा प्रयोग मी करणार नव्हते. सासूबाई दोन दिवस माझ्याशी कमी बोलल्या.

तेव्हा ठरवलं की मुद्दाम सहरीलाच भात करायचा. पहाटे कोलम धुऊन वीस मिनिटं भिजवला, भरपूर पाण्यात चमचाभर तेल घालून उकळला, दाण्यात एक कणी राहिली की चाळणीत ओतला आणि दोन परातींत पातळ पसरून पंख्याखाली ठेवला. फजरची नमाज होईपर्यंत गार. मग झाकून थेट फ्रिजमध्ये, संध्याकाळपर्यंत. दिवसा वीज तीन-चार तास गेली, तर बेत रद्द, हेही मुलीला बजावून ठेवलं. गेली नाही.

आता फोनबद्दल सांगते. शेवटच्या पेपरच्या तीन दिवस आधी मैत्रिणीच्या आईचा फोन आला. आमची चांगली ओळख आहे, त्यांची द्राक्षबाग आहे, तोडणी जोरात चालू होती, मागून कामगारांचे आवाज येत होते. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्या अडखळल्या. "मॅडम, राग मानू नका. ती येणार आहे, यायलाच पाहिजे. फक्त... आमच्याकडे सासूबाई आहेत, माळकरी. कढई वेगळी आहे ना?"

मी गप्प झाले. मला लागलं, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं या गावात राहते, त्यांच्या घरी हळदीकुंकवालाही गेले आहे. माझ्या ओट्याबद्दल कोणी असं विचारावं? तोंडावर काहीतरी येणार, तेवढ्यात मला बसस्टँडवरचा माझाच आवाज ऐकू आला. "भैया, व्हेजची कढई वेगळी आहे का?" शब्दही तेच. आणि माझ्या कढईत तर परवाच खिमा झाला होता.

"वेगळी नाहीये," मी म्हटलं. "पण वेगळी घेते."

"अहो, एवढं नका करू," त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज सुटला होता.

नाशिकला कामासाठी जायचंच होतं, भांडी बाजारातून लोखंडी कढई आणली, खोलगट, दोन कानांची. लोखंडी घेण्याचं कारण फक्त मैत्रीण नव्हती. गाडीवर भट्टीसारखा जाळ असतो, त्या जाळावर तेल-भाताला जो किंचित धुरकट वास चढतो त्याला चिनी लोक कढईचा श्वास म्हणतात. घरच्या शेगडीला तेवढा दम नाही. मग जाड लोखंड आधी चांगलं तापवून घ्यायचं आणि थोडा थोडा भात टाकायचा. सगळा एकदम ओतला की कढई गार पडते आणि परतण्याऐवजी वाफवणं होतं. नवी कढई मात्र लगेच वापरता येत नाही. साबणानं घासून, आचेवर कोरडी करून, तेलाचा बोळा फिरवून धूर येईपर्यंत तापवायची. असं चार-पाच वेळा. मग मीठ आणि बटाट्याच्या साली परतून टाकून द्यायच्या. हे काम मुलीनं भूगोलाची उजळणी करता करता केलं. सासूबाई दारातून बघत होत्या. "एका जेवणासाठी कढई?" एवढंच म्हणाल्या.

सॉसची बाटलीही नवी आणली. हिरवा ठिपका मैत्रिणीसाठी, हलालचा शिक्का आमच्यासाठी, दोन्ही असलेली. सोयाबीन आणि गहू आंबवून केलेल्या सॉसमध्ये आंबताना थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो, म्हणून काही घरांत तो चालत नाही. ज्यानं त्यानं आपल्या आलिमांना विचारावं. व्हिनेगरबद्दल शंका नको, सिरक्याची तर हदीसमध्ये तारीफ आहे. ऑयस्टर सॉस आणू नये, तो शिंपल्यांचा असतो. अजिनोमोटो मी घातला नाही. त्याचा बाऊ करण्यासारखं संशोधनात फारसं काही सापडलेलं नाही, पण सोया सॉसमध्ये ती चव असतेच. मग वर कशाला?

त्या दिवशी सहाला मैत्रीण आली. पेपर संपल्याच्या आनंदात दोघी अंगणातच ओरडत होत्या. भाज्या चिरून तयार होत्या. कोबी आणि ढोबळी मिरची इथल्याच शेतातली, गाजर, फरसबी, पातीचा कांदा. सगळं बारीक आणि कोरडं पुसलेलं. कोणी विचारेल, रोजा उघडल्यावर करावं, चाखूनही बघता येईल. खरं आहे. पण मग घरचे सगळे दस्तरखानावर आणि मी गॅसपाशी, हे मला नको होतं. बऱ्याच घरांत बायकांचा रोजा ओट्याशी उभ्या उभ्याच उघडतो. मला बसायचं होतं.

कढई तापली, तेल, दहा-बारा पाकळ्या बारीक लसूण, आलं, दोन हिरव्या मिरच्या, मोजून पंधरा सेकंद. फरसबी-गाजर, मग कोबी-ढोबळी, दोन मिनिटं मोठ्या आचेवर, करकरीत राहिल्या पाहिजेत. मग मुठीनं मोकळा केलेला गार भात. सोया सॉस सहा माणसांना मिळून दोनच मोठे चमचे, तोही भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेनं सोडला की चर्र आवाज होतो आणि वास फिरतो. चमचाभर सिरका, मिरपूड. मीठ अर्धा चमचा घातलं आणि हात थांबला. बरोबर झालं का? पुरे का?

मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी चमच्यावर थोडा भात घेतला, फुंकर मारली आणि तिच्यापुढे धरला. "बेटा, मीठ सांग."

ती मागे सरकली. "काकू, तुमच्या सगळ्यांसमोर मी कशी खाऊ? तुम्ही पाणीसुद्धा प्यायला नाहीत."

"तू नाही सांगितलंस तर सगळ्यांनाच भोगावं लागेल," माझी मुलगी म्हणाली. "मागच्या वेळचा भात तू खाल्ला नाहीस."

तिनं पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून तो घास खाल्ला. मग वळून, एखाद्या परीक्षकासारखी म्हणाली, "मीठ चिमूटभर अजून. मिरी आहे तेवढी बास." मी चिमूटभर घातलं. कांद्याची पात टाकून गॅस बंद केला. घड्याळात अजान व्हायला सात मिनिटं होती. त्या सात मिनिटांत मी हात धुऊन, ओढणी नीट करून सगळ्यांबरोबर बसले होते.

खजूर झाला, पाणी झालं, मगरिबची नमाज झाली, मग भात. दाणा सुटा, मीठ बरोबर. सासूबाईंनी दोन घास खाल्ले, तिसरा हातात धरून बघितला आणि म्हणाल्या, "हा तर आपला फोडणीचा भात. हळद विसरलेला." पण दुसऱ्यांदा वाढून घेतला. रात्री भांडी घासताना त्यांनीच नवी कढई उचलली, तेलाचा बोळा फिरवला आणि वरच्या फळीवर, गोश्ताच्या भांड्यांपासून लांब, पालथी घातली.

मैत्रिणीबरोबर घरच्यांसाठी एक डबा दिला होता. दुसऱ्या दिवशी तो द्राक्षांनी भरून परत आला आणि पाठोपाठ तिच्या आईचा फोन. भात इतका मोकळा कसा राहिला, आमचा तर नेहमी गोळा होतो.

"तांदूळ कोणता घेता?" मी विचारलं.

"घरचाच, इंद्रायणी."